नर्सिंगमध्ये येताना, टिकताना आणि पुढे जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीची मुलं-मुली, त्यांचे आईवडील आणि नुकत्याच वॉर्डात रुजू झालेल्या सिस्टर्स-ब्रदर्स यांच्याकडून हे प्रश्न सतत येतात. उत्तरं महाराष्ट्रातल्या परिस्थितीला धरून दिली आहेत. मी अनेक वर्षं वॉर्डात काढली आहेत, नवीन मुलींना शिकवलंही आहे. त्यामुळे जिथे माझं ठाम मत आहे तिथे ते सरळ सांगितलं आहे.

बारावीनंतर एएनएम करू, जीएनएम करू की बीएस्सी?

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी असेल आणि चार वर्षं शिकणं घराला परवडणार असेल, तर बीएस्सी नर्सिंगच करा. खुल्या प्रवर्गाला या विषयांत 45 टक्के लागतात. महाराष्ट्रात प्रवेश राज्य सीईटी कक्षामार्फत होतात आणि पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते.

जीएनएम तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. विज्ञान शाखा नसली तरी बारावीला इंग्रजी आणि 40 टक्के असतील तर तो करता येतो. एएनएम दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी, आणि त्याचा भर गावपातळीवरच्या कामावर आहे: लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, घरभेटी. उपकेंद्रातली आरोग्य सेविका म्हणजे एएनएम झालेली ताई. सपाट भागात साधारण 5,000 आणि आदिवासी, डोंगराळ भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असतं. तेवढ्या सगळ्या घरांना त्या ताईचं नाव माहीत असतं. या कामाला कोणी कमी लेखू नये.

जीएनएम झालं. आता पदवीचा रस्ता बंद झाला का?

नाही. दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, त्यानंतर एमएस्सीही करता येतं. फक्त उशीर करू नका. चाळिशीनंतर शिकणाऱ्या सिस्टर्स मी पाहिल्या आहेत आणि त्यांचं कौतुकच आहे, पण दोन वर्षं पगार बंद ठेवणं पंचविशीत जितकं सोपं असतं तितकं पुढे राहत नाही.

कॉलेज चांगलं आहे हे कसं ओळखायचं?

इमारत आणि लॅबमधले पुतळे बघून भुलू नका. दोन गोष्टी विचारा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता चालू वर्षासाठी आहे का? आणि कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल कुठे आहे, त्यात रोज खरोखर किती पेशंट असतात? कागदावर 100 खाटा आणि प्रत्यक्षात वॉर्ड ओस पडलेला, अशीही ठिकाणं आहेत. तिथे मुली तीन-चार वर्षं फाइली आणि केस स्टडी लिहून पास होतात आणि पहिल्या नोकरीत कॅथेटर (लघवीची नळी) घालताना त्यांचे हात थरथरतात. शक्य असेल तर तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी कॉलेजच्या गेटबाहेर बोला. त्यांनी किती डिलिव्हरी स्वतः केल्या, एवढं विचारलं तरी कॉलेज कळतं.

नोकरी लागून तीन महिने झाले. रोज रडू येतं. हे मला जमणार नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून याचं उत्तर सविस्तर देते.

पहिले सहा महिने जवळजवळ सगळ्यांना असेच जातात. कॉलेजात एका पेशंटची काळजी कशी घ्यायची ते शिकवतात. वॉर्डात एकाच वेळी पंधरा पेशंट असतात, डॉक्टरांचा राउंड चालू असतो, फोन वाजत असतो, ऑपरेशन थिएटरवाले पेशंट मागत असतात आणि कोपऱ्यातल्या आजींना बेडपॅन हवा असतो. आधी काय करायचं हे पुस्तकात लिहिलेलं नसतं. ते जमायला वेळ लागतो. तो वेळ तुम्हाला मिळत नसेल, तर दोष वॉर्डच्या व्यवस्थेचा आहे.

सुरुवात ओव्हर घेण्यापासून, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती समजून घेण्यापासून करा. रजिस्टरवर ओव्हर घेऊ नका, बेडपाशी जाऊन घ्या. सलाईन चालू आहे असं सांगितलं तर बाटलीवर वेळ लिहिली आहे का बघा, कॅन्युलाच्या (शिरेतल्या नळीच्या) जागी बोट लावून बघा. हात सुजला असेल तर ते सकाळी आठला कळलेलं बरं, अकराला नातेवाईक ओरडल्यावर नको. युरिन बॅग किती भरली आहे ते स्वतः वाचा. ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी) असेल तर त्या स्रावाचा रंग बघा.

दुसरी गोष्ट श्वासाची. कोणत्याही हॉस्पिटलचे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट काढून बघा, श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 20, 20, 20 लिहिलेलं सापडेल. कारण नाडी आणि बीपी मशीन सांगतं, श्वास मात्र मिनिटभर उभं राहून मोजावा लागतो, आणि तेवढा वेळ कोणाकडे नसतो. पेशंट बिघडायला लागला की बरेचदा बीपी पडायच्या आधी श्वासाचा वेग वाढतो. घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजणारी नवीन मुलगी कधीकधी रात्रीच्या डॉक्टरांच्या आधी धोका ओळखते. मी हे एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. ‘सर, 12 नंबरचे श्वास 32 आहेत, दोन तासांपूर्वी 22 होते, बीपी अजून ठीक आहे, तुम्ही येऊन बघा’ असं आकड्यांसकट फोनवर सांगितलं की डॉक्टर येतात. नुसतं ‘पेशंट बरा वाटत नाही’ म्हटलं तर तो फोन मागे पडतो.

सहा महिने उलटूनही रडू थांबत नसेल, झोप उडाली असेल, ड्यूटीला जायच्या विचाराने पोटात गोळा येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि वॉर्ड बदलून मागा. आयसीयूत कोमेजलेली मुलगी लेबर रूममध्ये फुललेली मी पाहिली आहे.

एका नर्सकडे नेमके किती पेशंट असायला हवेत?

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे शिक्षण देणाऱ्या हॉस्पिटलांत 3 खाटांमागे 1 नर्स आणि इतर हॉस्पिटलांत 5 खाटांमागे 1 नर्स हवी. त्याशिवाय रजांसाठी 30 टक्के जादा नेमणुका. आयसीयूत प्रत्येक पाळीत एका पेशंटला एक.

यात एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. साध्या वॉर्डचं हे प्रमाण तिन्ही पाळ्या मिळून आहे. म्हणजे 30 खाटांच्या साध्या वॉर्डला 6 नर्स आणि रजेच्या राखीव धरून साधारण 8. पाळ्यांत वाटल्या की प्रत्येक पाळीत 2, एकीकडे 15 पेशंट. हा निकषच मुळात सढळ नाही. तरीही रात्री अशा वॉर्डात एकच सिस्टर आणि एक मावशी, हे चित्र सरकारी आणि खासगी दोन्हीकडे सर्रास दिसतं.

करायचं काय? लिहून ठेवायचं. प्रत्येक पाळीत किती पेशंट, किती गंभीर, किती नर्स, एवढं ओव्हर रजिस्टरमध्ये तारखेसह लिहायची सवय लावा आणि महिन्याअखेरीस इन्चार्ज सिस्टरमार्फत मेट्रनकडे लेखी द्या. तोंडी तक्रारीची नोंद कुठेच होत नाही. जागा भरायला प्रशासन लगेच धावत येईल असं मी म्हणणार नाही, पण उद्या काही विपरीत घडलं आणि चौकशी लागली तर त्या रात्री तुमच्याकडे किती पेशंट होते हे तुमच्या अक्षरात लिहिलेलं असेल.

औषध देताना चूक होईल याची सतत भीती वाटते.

ही भीती चांगली आहे, ती ठेवाच. सगळ्या चुका सारख्या धोक्याच्या नसतात. दोन ठिकाणी जिवावर बेततं, तिथे डोळे उघडे ठेवा.

पहिलं, पोटॅशियम क्लोराइड. त्याचा 10 मिलीचा अँप्युल ट्रॉलीवर बाकीच्या अँप्युलांसारखाच दिसतो. ते पातळ न करता थेट शिरेत दिलं तर हृदय बंद पडतं. ते साध्या ट्रॉलीवर ठेवूच नये, वेगळं कुलुपात ठेवावं. तुमच्या वॉर्डात तसं नसेल तर आजच इन्चार्जना सांगा.

दुसरं, इन्सुलिन. आपल्याकडे वायलमध्ये बहुतेक वेळा 40 युनिट प्रति मिलीचं इन्सुलिन मिळतं आणि पेनच्या कार्ट्रिजमध्ये 100 युनिट प्रति मिलीचं. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधलं इन्सुलिन 40च्या सिरिंजने ओढलं, तर 20च्या खुणेपर्यंत भरलेल्या सिरिंजमध्ये 50 युनिट असतात. पेशंटला अडीचपट डोस जातो. सिरिंज आणि इन्सुलिन दोन्हींवरचा आकडा जुळवल्याशिवाय सुई लावू नका, आणि दुसऱ्या सिस्टरला दाखवा. घाईत ‘बघ गं एकदा’ म्हणायला लाजू नका.

फोनवरची ऑर्डर घेतली तर परत वाचून दाखवा, वेळ टाका, आणि डॉक्टर आल्यावर सही घ्या. आणि चूक झालीच, तर आधी पेशंट, मग डॉक्टर, मग लेखी नोंद, याच क्रमाने. लपवलेली चूक पेशंटच्या जिवावर उठते.

सुई टोचली तर?

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. बोट दाबून रक्त काढू नका, तोंडात घालू नका. लगेच इन्चार्जना सांगा, पेशंटच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासण्या बघा. एचआयव्हीचा धोका असेल तर गोळ्या शक्यतो 2 तासांत सुरू व्हायला हव्यात, 72 तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. त्या 28 दिवस घ्यायच्या असतात. रात्री तीन वाजता टोचली म्हणून सकाळची वाट बघू नका.

हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस (आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी) शिकत असतानाच पूर्ण करा. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, ती थेट पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात टाकायची.

पगार इतका कमी का? आणि किती मिळायला हवा?

राज्य सरकारच्या सेवेत अधिपरिचारिकेचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगात 35,400 पासून सुरू होतं, केंद्रात नर्सिंग ऑफिसरचं 44,900 पासून. त्यावर महागाई भत्ता आणि इतर भत्ते. खासगी छोट्या हॉस्पिटलांत याच्या निम्म्यावरही राबवून घेतात.

सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये दिलेल्या निर्देशानुसार केंद्राने एक समिती नेमली. तिची शिफारस स्पष्ट आहे: 200हून जास्त खाटांच्या खासगी हॉस्पिटलांनी राज्य सरकारइतकाच पगार द्यावा, 100 ते 200 खाटांच्या हॉस्पिटलांत तो 10 टक्क्यांहून जास्त कमी नसावा, 50 ते 100 खाटांत 25 टक्क्यांहून जास्त कमी नसावा आणि 50 खाटांच्या आतल्या हॉस्पिटलांतही 20,000च्या खाली नसावा. ही शिफारस येऊन इतकी वर्षं झाली, आजही मुली 12-13 हजारांवर नाईट करतात. मला याचा संताप येतो. रात्रीत चार वेळा सक्शन करून (नळीने कफ ओढून) कोणाच्या तरी वडिलांचा श्वास चालू ठेवणाऱ्या मुलीला घरभाडं भरता येऊ नये, याचं समर्थन कुठल्याही हॉस्पिटल मालकाने मला करून दाखवावं. मुलाखतीला जाताना हे आकडे पाठ असू द्या.

नोकरी देताना मूळ प्रमाणपत्रं जमा करायला सांगतात.

देऊ नका. पडताळणीसाठी दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ कागद बॅगेत घालून घरी आणा. कागद अडकले की चांगली संधी आली तरी नोकरी सोडता येत नाही, सरकारी भरतीच्या कागद तपासणीलाही जाता येत नाही. बाँडवर सही करायची वेळ आली तर तो घरी नेऊन पूर्ण वाचा आणि मुदत संपायच्या आधी नोकरी सोडली तर किती रक्कम भरावी लागेल ते आधी बघा.

नातेवाईक अंगावर धावून येतात. सुरक्षेचं काय?

महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे. वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्तीवर हल्ला केला तर 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. कायदा फक्त डॉक्टरांसाठी आहे असा समज आहे, तो चुकीचा. नर्सेसही त्यात येतात. हल्ला झाला तर तक्रार व्यवस्थापनानेच करावी असा आग्रह धरा, एकट्या सिस्टरला पोलीस ठाण्यात पाठवू नये.

कामाच्या जागी लैंगिक छळ होत असेल, मग तो डॉक्टरकडून असो, वरिष्ठांकडून असो की सहकाऱ्याकडून, 2013 च्या कायद्याने 10 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवीच. लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्या.

आणि कपडे बदलायची खोली. ही बाब क्षुल्लक वाटते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये तिथल्याच सिस्टर अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 ला हल्ला झाला तो ड्यूटी संपवून त्या तळघरात कपडे बदलायला गेल्या तेव्हा. त्या हल्ल्यानंतर त्या अंथरुणाला खिळल्या आणि पुढे 18 मे 2015 ला त्यांचं निधन होईपर्यंत केईएमच्या नर्सेसच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. वॉर्डाजवळ उजेड असलेली, आतून कडी लागणारी खोली मागणं हा नखरा नाही. रुजू होण्याच्या दिवशीच ती खोली बघून घ्या.

‘नर्सिंगला मान नाही’ असं घरचे म्हणतात. काय सांगू?

त्यांना सिस्टर अंजली कुलथे यांच्याबद्दल सांगा. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री कामा हॉस्पिटलमध्ये दहशतवादी शिरले तेव्हा त्या ड्यूटीवर होत्या. त्यांच्या वॉर्डात 20 गरोदर बायका होत्या. त्यांनी दारं बंद केली, सगळ्यांना पॅन्ट्रीत नेलं, आणि त्याच गोंधळात एकीला कळा सुरू झाल्यावर तिला भिंतीच्या आधाराने लेबर रूमपर्यंत पोचवलं. पुढे त्यांनी कसाबविरुद्ध कोर्टात साक्ष दिली आणि डिसेंबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर आपला अनुभव मांडला.

मुलांनी नर्सिंग करावं का?

करावं. आयसीयू, कॅज्युअल्टी, ऑर्थो, मानसोपचार, सगळीकडे ब्रदर्सची गरज आहे. एम्सच्या भरतीत 80 टक्के जागा महिलांसाठी राखीव आहेत, हे आधी माहीत असू द्या, म्हणजे तयारी त्या हिशेबाने करता येईल.

सरकारी नोकरी आणि बढतीचा मार्ग कसा असतो?

राज्यात सार्वजनिक आरोग्य विभाग, वैद्यकीय शिक्षण विभाग, महापालिका आणि जिल्हा परिषदा स्वतंत्र भरती करतात. हॉस्पिटलमध्ये अधिपरिचारिका, मग परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी चढण असते. शिकवण्याकडे वळायचं असेल तर पाठ्यनिर्देशिका. गावपातळीवर आरोग्य सेविकेची पुढची पायरी आरोग्य सहाय्यिका.

केंद्रात जायचं असेल तर एम्सची नॉरसेट ही भरती परीक्षा द्या. बीएस्सीला अनुभवाची अट नाही. जीएनएमला किमान 50 खाटांच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून अनुभवाच्या दाखल्यावर खाटांची संख्या लिहून घ्या. हे आधीच मागून ठेवा, नोकरी सोडल्यावर तो दाखला मिळवताना नाकी नऊ येतात.

उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी हेही पद आहे. तिथे मधुमेह, रक्तदाबाची तपासणी आणि औषधांचा पाठपुरावा स्वतःच्या जबाबदारीवर करायचा असतो. नर्सच्या निर्णयाला एवढी जागा फार थोड्या ठिकाणी मिळते.

बढती घेतली की टेबलावर बसावं लागतं. पेशंटजवळ राहूनच पुढे जाता येत नाही का?

येतं, आणि मला वाटतं की आपल्याकडे या वाटेचा विचार फारच कमी होतो. वॉर्डातली सगळ्यात हुशार सिस्टर इन्चार्ज झाली की इंडेंट, ड्यूटी लिस्ट आणि लिनन मोजण्यात तिचा दिवस जातो आणि तिचे हात पेशंटपासून तुटतात.

क्रिटिकल केअर, कर्करोग, नवजात शिशू, आपत्कालीन सेवा, मानसोपचार यांत एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ऑन्कोलॉजीचा असा अभ्यासक्रम चालतो. बीएस्सीनंतर क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रमही आहे. संसर्ग नियंत्रण सिस्टर, डायलिसिस, स्टोमा आणि जखमांची काळजी, पॅलिएटिव्ह केअर या जागांवर काम करणारी नर्स डॉक्टरांना सल्ला देते आणि डॉक्टर तो ऐकतात. दर दोन-तीन वर्षांनी वॉर्ड बदलत राहण्यापेक्षा एका विषयात खोल उतरा.

परदेशात जायचं आहे. कुठून सुरुवात करू?

भाषेपासून. जर्मनीला साधारण बी1 पातळीचं आणि पूर्ण मान्यतेसाठी त्याच्या वरच्या बी2 पातळीचं जर्मन लागतं. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आहे. ब्रिटनला आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरची परीक्षा आणि तिथे गेल्यावर प्रात्यक्षिकाची ऑस्की. अमेरिकेला एनक्लेक्स ही नर्सिंग परवान्याची परीक्षा. आखाती देशांत प्रोमेट्रिक परीक्षा आणि डेटाफ्लोची कागद पडताळणी.

लाखो रुपये आगाऊ मागणाऱ्या एजंटाकडून उठून या. तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते स्वतः तपासा. टुरिस्ट व्हिसावर नेऊन तिथे व्हिसा बदलून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

बाळंतपणानंतर तीन-चार वर्षं घरी होते. परत येता येईल?

येईल. मात्र घरी असतानाही महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नोंदणीचं नूतनीकरण चुकवू नका. ते दर 5 वर्षांनी करायचं असतं आणि त्यासाठी कार्यशाळा, परिषदांचे क्रेडिट तास लागतात. ते सवडीने गोळा करत राहा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर कौन्सिलच्या नोंदीत, आधारवर आणि पदवीवर नाव एकच आहे ना ते बघा, भरतीच्या वेळी यावरूनच सगळ्यात जास्त अडवतात. राज्य बदललं असेल तर तिथल्या कौन्सिलकडे नोंदणी हलवावी लागते.

नोकरीत असताना बाळंतपण आलं तर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा हा कायद्याने मिळालेला हक्क आहे. कंत्राटी आहात म्हणून ती मिळणार नाही असं कोणी सांगितलं, तर नकार लेखी मागा.

परत येताना थेट आयसीयूत जाऊ नका. दोन-तीन महिने साध्या वॉर्डात काढा, नवीन इन्फ्युजन पंप आणि संगणकावरच्या नोंदी शिकून घ्या, सीपीआरचं प्रशिक्षण पुन्हा करा. शिरा शोधायची बोटांची सवय आठवड्याभरात परत येते.